जिभेखालची गोळी

गर्द, म्हणजे अफूपासून बनणारं हेरॉइन, सुईने शिरेत घेणाऱ्यांसाठी मुंबईत ‘संकल्प’सारखी संस्था नव्वदच्या दशकापासून काम करते आहे. असा माणूस तापाने फणफणून रुग्णालयात आला की त्याच्या हृदयाच्या उजव्या बाजूकडे बघावंच लागतं. हातातल्या शिरेचं रक्त आधी तिथेच पोचतं. सुईबरोबर कातडीवरचे जंतू आत शिरले, तर त्यांना भेटणारी पहिली झडप तीन पाकळ्यांची, उजवीकडची. ते तिच्यावर ठाण मांडतात आणि त्यांचे गोळे सुटून फुप्फुसांत अडकतात. एरवी झडपांच्या जंतुसंसर्गाचा हा आजार बहुधा डाव्या झडपांना होतो. जंतूंची वाट बदलली, म्हणून आजाराची जागाच बदलली!

उपचार आहे: शिरेतून अँटिबायोटिक, अनेकदा ४ ते ६ आठवडे. पण गर्दच्या शेवटच्या डोसनंतर ८-१२ तासांत ‘टर्की’, म्हणजे नशा तुटल्याची तगमग, सुरू होते. नाकाडोळ्यांना धार, उलट्या, जुलाब, हाडं मोडल्यासारखी अंगदुखी. रुग्ण सलाईन उपसून निघून जातो आणि केसपेपरवर ‘डामा’, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध गेला, असं लिहिलं जातं. त्याला बेपर्वा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. अशा यातनेत कोण पडून राहील?

त्याला थांबवू शकते ब्युप्रेनॉर्फिनची गोळी, आणि ती बनते अफूच्याच झाडातल्या थेबेनपासून! आपल्या मेंदूत अफूच्या द्रव्यांना बसायला जागा आहेत, हे १९७३ मध्ये सिद्ध झालं. दोनच वर्षांत कळलं की त्या जागांवर बसणारी द्रव्यं शरीर स्वतःही तयार करतं. ब्युप्रेनॉर्फिन तिथे एसटीत रुमाल टाकून सीट धरावी तसं घट्ट बसतं. मागून आलेल्या गर्दला जागा मिळत नाही. त्यात ते पेशीला अर्धवटच चेतवतं: टर्की शमते, पण झिंग फारशी चढत नाही. एका मर्यादेपलीकडे डोस वाढवला तरी श्वासावरचा दाब त्या प्रमाणात वाढत नाही. मात्र घाई चालत नाही. गर्द अजून जागेवर असताना गोळी दिली, तर ती त्याला एकदम हुसकावते आणि टर्की उसळते. म्हणून लक्षणं दिसेपर्यंत डॉक्टर थांबतात, मग गोळी जिभेखाली ठेवतात. गिळली तर यकृत तिचा बराचसा भाग वाटेतच संपवतं.

तलफ आवरली की रुग्ण खाटेवर टिकतो, आणि झडपेवरचे जंतू मारायला औषधाला हवे तेवढे आठवडे मिळतात. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सीची तपासणीही तेव्हाच उरकता येते. हिपॅटायटिस सी तर बहुतेकांचा १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात त्या सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात.