राजवाड्याचे घड्याळ आणि आकाशाचे घड्याळ

कोल्हापूरला गेलेली आपली माणसे रंकाळा पाहतात, तांबडा-पांढरा रस्सा खातात आणि परततात. लेकरांना घेऊन जाणाऱ्यांनी एक दिवस राजवाडा आणि आकाश या दोन्हींसाठी ठेवावा. वस्तीतील काही कुटुंबांसह आम्ही तसा दिवस घालवला, म्हणून हे लिहीत आहोत.

मेजर मँट यांच्या आराखड्यानुसार नवा राजवाडा १८७७ ते १८८४ या काळात उभा राहिला. काळा घडीव दगड आणि वर घड्याळाचा मनोरा. तळमजल्यावर शहाजी छत्रपती संग्रहालय आहे. तेथे शस्त्रे, पोशाख, पेंढा भरलेले वाघ पाहायला मिळतात. दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवचरित्रातील प्रसंग आहेत. मुले वाघांपाशी रेंगाळली. आम्ही त्यांना राजर्षी शाहू महाराजांविषयी सांगितले. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखल्या. मार्च १९२० मध्ये माणगाव परिषदेत बाबासाहेब हेच तुमचे पुढारी, असे त्यांनी समाजाला सांगितले. तलवारींपेक्षा हे मोठे, हे मुलांना समजले पाहिजे.

बाहेर आल्यावर एका मुलाने विचारले, "बारा वाजले, तरी सूर्य डोक्यावर का नाही?" आम्ही काठी उभी करून सावली मोजली. आपले घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर चालते आणि कोल्हापूर सुमारे ७४.२ अंशावर आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात. म्हणून येथे सूर्य माथ्याजवळ यायला सरासरी साडेबारा वाजून जातात. मे आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तर भरदुपारी सावली पायाखाली नाहीशी होते. यासाठी दुर्बीण लागत नाही.

याच कोल्हापुरात १९ जुलै १९३८ रोजी खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर जन्मले. २०२५ मध्ये ते आपल्यातून गेले. त्यांनी नरेंद्र दाभोलकर आदी सहकाऱ्यांसह २००८ मध्ये फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला ४० कुंडल्या देऊन कोणती कोणाची ते ओळखायला सांगितले. ५१ जण पुढे आले, २७ जणांनी उत्तरे पाठवली आणि सरासरी ४६ टक्के बरोबर निघाली. नाणे उडवले असते तरी निम्मी जुळली असती!

हे आम्ही मुद्दाम सांगतो. आपल्याही काही घरांत अजून चोरून पत्रिका पाहिली जाते. आमच्या सोबतच्या एका ताईंच्या मुलीचे लग्न 'मंगळ' म्हणून अडले आहे. मुलगी शिकलेली, कमावती. मंगळ अगदी जवळ येतो तेव्हाही साडेपाच कोटी किलोमीटर दूर असतो. त्याला ना तिचे नाव ठाऊक, ना गाव. त्या रात्री गच्चीवर आम्ही हेच बोललो. ताई म्हणाल्या, "भाऊ, हे वराच्या आईला कोण सांगणार?"

सांगणार आपणच. संग्रहालयाची वेळ आणि तिकीट आधी विचारून घ्यावे. सोबत भाकरी, वही आणि एक सरळ काठी न्यावी. मुलांच्या प्रश्नांना 'गप्प बस' हे उत्तर देऊ नये.