गोल निवडुंगाची जोपासना

समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर वसलेल्या बंगळूरची हवा मॅमिलारिया या लहान, गोल निवडुंगास चांगली मानवते. घातक ठरतो तो तेथील पाऊस. नैर्ऋत्येकडील मोसमी पाऊस ओसरतो न ओसरतो तोच ऑक्टोबरात ईशान्येकडील पावसास आरंभ होतो, आणि उघड्यावरच्या कुंडीतील माती वाळण्यास सवडच मिळत नाही. मुख्यतः मेक्सिकोच्या रुक्ष प्रदेशातील हे झाड तहानेने सहसा मरत नाही. ते बुडापासून कुजून मरते.

काटकसर त्याच्या रचनेतच आहे. गोल आकारामुळे आतील जलसाठ्याच्या मानाने बाष्पीभवनास पृष्ठभाग थोडा मिळतो. त्याची रंध्रेही रात्रीच्या गारव्यातच उघडतात. तेव्हा घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लरूपाने साठवून तो दिवसा सूर्यप्रकाशात वापरला जातो. (मोडताच दुधासारखा चीक येणारा आपला त्रिधारी निवडुंग नावापुरताच निवडुंग होय, त्याचे कूळ निराळे. फड्या निवडुंग मात्र मॅमिलारियाचा खरा नातलग.)

कुंडी लहान, मातीची व बुडाशी भोक असलेली असावी. जाडी वाळू व विटांचा चुरा यांत थोडे पालापाचोळ्याचे खत मिसळावे. पावसाळ्यात कुंडी छपराखाली, पण भरपूर उजेडात ठेवावी आणि माती तळापर्यंत वाळल्यावाचून पाणी घालू नये. डिसेंबर-जानेवारीत तर ते जवळजवळ बंदच करावे. नवख्यास हा निर्दयपणा वाटतो. परंतु या थंड, कोरड्या विश्रांतीनंतरच बहुधा खोडावरील उंचवट्यांच्या बेचक्यांतून कळ्या डोकावतात आणि शेंड्याभोवती फुलांचे कडे उमलते.