विषारी वायू आणि दवाखान्याची तयारी

दहशतवादी हल्ला म्हटले की बाँब, बंदुका आणि पोलीस डोळ्यांपुढे येतात. परंतु हल्ल्यात सापडलेली माणसे वाचणार की नाही, हे पुष्कळदा दवाखान्यात ठरते. आणि तेही आधी करून ठेवलेल्या तयारीवर. हे कसे, ते जपानातील एका घटनेवरून पाहू.

२० मार्च १९९५ रोजी सकाळी आठच्या सुमारास, कामावर जाणाऱ्यांची गर्दी असताना, टोकियोच्या भुयारी रेल्वेच्या पाच गाड्यांत ओम शिनरिक्यो पंथाच्या लोकांनी सारिन नावाचे विष सोडले. द्रवाने भरलेल्या पिशव्या छत्रीच्या टोकाने फोडून ते उतरून गेले. वाफ डब्यांत पसरली. बाराहून अधिक माणसे दगावली आणि हजारोंना रुग्णालय गाठावे लागले.

हे सारिन शेतकरी बंधूंना अगदीच परके नाही. १९३८ साली जर्मनीत कीटकनाशकांचा शोध चालू असताना ते हाती लागले. आपण फवारतो त्यांतल्या काही औषधांच्याच कुळातले, पण कैक पटींनी जहाल. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडाला लाळ सुटते, श्वास कोंडतो. फवारणीची अशी विषबाधा झाल्यावर डॉक्टर जे अॅट्रोपिन टोचतात, तेच येथेही उपयोगी पडते.

त्या दिवशी सेंट ल्यूक्स या एकाच रुग्णालयात ६४० रुग्ण आले. तेथील प्रमुख डॉ. शिगेआकी हिनोहारा यांनी नेहमीची कामे थांबवून दारे सर्वांना उघडली. पण एवढ्यांना ठेवणार कोठे? १९४५ च्या बाँबवर्षावात जखमींना जागा पुरली नव्हती, हे डॉक्टरांनी स्वतः पाहिले होते. म्हणून १९९२ मध्ये नवी इमारत बांधताना त्यांनी ओसरीच्या आणि प्रार्थनागृहाच्या भिंतींतूनही प्राणवायूच्या नळ्या नेल्या होत्या. त्या वेळी तो खर्च काहींना फाजील वाटला असेल; तीन वर्षांनी त्याचे मोल कळले.

दुसरी गोष्ट अनुभवाची. आदल्या वर्षी मात्सुमोतो गावी हेच विष सोडले गेले होते. तेथील रुग्णांवर उपचार केलेल्या डॉक्टरने दूरदर्शनवर बातमी पाहून आपणहून रुग्णालयाला दूरध्वनी केला आणि लक्षणे सारिनची दिसतात, असे सांगितले.

उणीव एक राहिली. रुग्णांचे कपडे न उतरवता त्यांना आत घेतले गेले. कपड्यांत मुरलेली वाफ बंद खोल्यांत पसरली आणि शंभरावर कर्मचाऱ्यांना स्वतःलाच त्रास झाला.

आता कुणी विचारील, हे आमच्या खेड्यात कशाला? अहो, असा हल्ला आपल्या गावी कदाचित कधीच होणार नाही. पण फवारणीची विषबाधा होते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कितीतरी शेतकरी आणि शेतमजूर तिला बळी पडले. दोन्ही संकटांतले पहिले उपचार सारखेच. रोग्याला मोकळ्या हवेत आणावे. आपल्या हातांना विष लागू न देता त्याचे कपडे काढावेत आणि अंग साबणाने, भरपूर पाण्याने धुवावे. बळेच उलटी करवू नये. १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. औषधाची बाटली किंवा तिच्यावरची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवावी, म्हणजे निदानात वेळ जात नाही.

शिक्षकांनी एवढे मुलांना शिकवावे. मुले ते घरी नेतील. आणि गावकऱ्यांनी फवारणीच्या हंगामापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारावे: अॅट्रोपिन पुरेसे आहे काय? प्राणवायूची टाकी भरलेली आहे काय? रात्री कोण हजर असते? हे विचारण्यात संकोच कसला? टोकियोत उपयोगी पडल्या त्या साध्याच गोष्टी: भिंतीतली नळी, कपाटातले औषध आणि वेळेवर आलेला एक फोन. आग लागल्यावर विहीर खणून भागत नाही, हे आपल्या वाडवडिलांनी केव्हाच सांगून ठेवले आहे.