प्राणवायूवांचून कोण किती जगतो?

पेणजवळच्या रामवाडीहून धरमतरच्या खाडीकडे गेल्यास ओहोटीच्या वेळीं दगडांना घट्ट चिकटलेलीं कालवें दृष्टीस पडतात. पाणी ओसरलें कीं हा प्राणी आपले शिंपले मिटून घेतो आणि भरती येईपर्यंत तासन् तास तसाच राहतो. आंत सांपडलेल्या पाण्यांतील प्राणवायु लौकरच संपत येतो. आपणांपैकीं बहुतेकांच्या पाकगृहांत ह्या जीवाला प्रवेश नाहीं. तरी ज्या अवस्थेंत मनुष्याचा मेंदु चार-पांच मिनिटांत नाश पावूं लागतो, त्या अवस्थेंत हा सुखरूप कसा राहतो, हें पाहण्यासारखें आहे.

प्राणवायु मिळाला तर पेशी द्राक्षशर्करेच्या एका रेणूपासून 'एटीपी' ह्या शक्तिद्रव्याचे सुमारें 30 रेणू मिळविते. न मिळाल्यास केवळ 2! उरलेली बरीचशी शक्ति दुग्धाम्लांत अडकून पडते. स्नायूंतील प्राणवायूचा व्यय व दुग्धाम्ल यांचा संबंध ऑटो मायरहॉफ यानें शोधून काढला, व त्याबद्दल त्यास 1922 चें नोबेल पारितोषिक ए. व्ही. हिल याजबरोबर मिळालें.

मिळकत तुटपुंजी खरी, परंतु ती तत्काळ हातीं येते. हुतुतूंतला गडी चौघांना झटकून मध्यरेषेकडे झेप घेतो, तेव्हां रक्तानें प्राणवायु आणून पोंचविण्याइतकी सवड स्नायूंना नसते. दुसऱ्या दिवशीं अंग दुखतें त्याचें खापर पुष्कळ लोक दुग्धाम्लावर फोडतात, तें उगाच. सुमारें तासाभरांत तें रक्तांतून निघून जातें. हृदय तें जाळतें, यकृत त्याची पुन्हां शर्करा करतें. दुखतें तें स्नायूंच्या तंतूंस झालेल्या सूक्ष्म इजेमुळें. आणि तांबड्या रक्तपेशींची तर मौजच! साऱ्या देहाला प्राणवायु पुरविणाऱ्या ह्या पेशी स्वतः मात्र जन्मभर त्यावांचूनच शक्ति मिळवितात; पंक्तींत तूप वाढीत फिरावें आणि आपण कोरडा भात खावा, तसें.

मग मनुष्य कां मरतो? कालव अधिक मिळवितें म्हणून जगत नाहीं. दुग्धाम्लाऐवजीं दुसरीं अम्लें बनवून तें थोडी जास्त प्राप्ति करून घेतें हें खरें. परंतु मुख्य गोष्ट ही कीं, तें आपला खर्चच एक-दशांशाच्या आसपास आणतें, आणि शर्करेचा भरपूर सांठाहि त्याजपाशीं असतो. आपल्या मेंदूचें सर्वच उलट. वजन देहाच्या शेंकडा 2, प्राणवायूचा खर्च शेंकडा 20, सांठा नांवापुरता, आणि खर्चांत काटकसर करण्याची सोय नाहीं.

पावसाळ्यांत नदी-विहिरींत बुडालेल्यास बाहेर काढल्यावर पालथें घालून पोटांतील पाणी काढण्याची आपल्याकडे रीत आहे. तींत हींच मोलाचीं मिनिटें जातात. श्वास चालत नसेल तर त्यास उताणें निजवून तोंडानें श्वास देण्यास व छाती दाबण्यास तत्काळ आरंभ करावा, दुसऱ्यास डॉक्टरांकडे पिटाळावें, आणि ते येईपर्यंत हात थांबवूं नयेत.