वर्गातला पडदा: समज आणि वस्तुस्थिती

दिल्लीला बदली झाली, आर. के. पुरमच्या एखाद्या सेक्टरात सरकारी क्वार्टर मिळालं, की मराठी घरातली पहिली धावपळ असते शाळेची. केंद्रीय विद्यालयं १९६३ पासून मुळात अशाच बदलीच्या नोकरदारांच्या मुलांसाठी उभी राहिली, आणि या वसाहतीत ती एकाहून जास्त सेक्टरांत आहेत. १९७२ पासूनचं दिल्ली पब्लिक स्कूलही इथलंच. प्रवेशाच्या चौकशीत हल्ली एक प्रश्न हमखास येतो: "वर्गात स्मार्ट बोर्ड आहे ना?" होकार आला की आईवडील निर्धास्त होतात. "घरात स्क्रीन, निदान वर्गात तरी नको" म्हणणारेही तेवढेच भेटतात. दोघांचा रोख यंत्रावर असतो. त्या यंत्रासमोर मूल काय करतं आणि शिक्षक काय विचारतात, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. खरा फरक तिथेच पडतो. आणि त्याचा पुरावा शोधायला लांब जायला नको, या विषयावरचे दोन गाजलेले प्रयोग दिल्लीतच झाले आहेत.

"हे सगळं आत्ताचं फॅड आहे"

दिल्लीत दूरदर्शनचं प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ ला सुरू झालं आणि १९६१ मध्ये फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने इथल्या माध्यमिक शाळांसाठी टीव्हीवरून पाठ दाखवले जाऊ लागले. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र हे त्यातले मुख्य विषय, कारण बऱ्याच शाळांत प्रयोगशाळा धड नव्हत्या. म्हणजे वर्गात पडदा येऊन साठ वर्षं उलटली. पुढे रेडिओ, उपग्रह, कॉम्प्युटर लॅब, टॅबलेट असं एकेक येत गेलं, आणि दर वेळी 'आता शिक्षण बदलणार' ही घोषणाही झाली. शाळा बदलल्या, पण घोषणेच्या वेगाने नाही.

"मुलांच्या हाती कॉम्प्युटर द्या, ती आपली आपण शिकतात"

हा समज जगभर पसरला तो आर. के. पुरमपासून काही किलोमीटरवरच्या कालकाजीतून. १९९९ च्या जानेवारीत एनआयआयटी या संगणक-प्रशिक्षण कंपनीतले संशोधक सुगत मित्रा यांनी कंपनीच्या कार्यालयाच्या भिंतीला भोक पाडून झोपडपट्टीच्या बाजूला एक कॉम्प्युटर बसवला. कुणी शिकवणारं नव्हतं, तरी काही दिवसांत मुलं माउस चालवू लागली, चित्रं काढू लागली, एकमेकांना दाखवू लागली. 'होल इन द वॉल' हे नाव त्यातूनच पडलं, आणि २०१३ मध्ये मित्रांना दहा लाख डॉलरचं टेड पारितोषिक मिळालं.

मुलांनी जे केलं ते खरंच होतं, ते कमी लेखायचं कारण नाही. पण अभ्यासक मार्क वॉर्शावर यांनी दिल्लीतलं असं एक ठिकाण पाहून लिहिलं ते बरंच वेगळं आहे. इंटरनेट बहुतेक वेळा बंद, हिंदीत शैक्षणिक मजकूर जवळपास नाही, आणि मुलांचा बराचसा वेळ चित्रकलेच्या प्रोग्रॅममध्ये नाहीतर खेळांत. पायल अरोरा यांनी उत्तराखंडातल्या अशाच केंद्रांचा माग घेतला, तर तिथे त्यांचे अवशेषच तेवढे उरले होते.

सर्वांत बोलका पुरावा मात्र स्वतः मित्रांचाच आहे, आणि तो फारसा सांगितला जात नाही. तमिळनाडूतल्या कलिकुप्पम गावात त्यांनी १० ते १४ वर्षांच्या मुलांसमोर जैवतंत्रज्ञानाचा इंग्रजी मजकूर ठेवला. मुलं आपापली झटली. सुरुवातीला चाचणीत सुमारे ७ टक्के असलेले गुण दोन-अडीच महिन्यांत ३० टक्क्यांपर्यंत गेले. ही झेप मोठीच. पण तिथे गाडी थांबली. मग मुलांच्या ओळखीची एक तरुणी त्यांच्या मागे उभी राहू लागली. तिला जैवतंत्रज्ञान येत नव्हतं. ती फक्त कौतुक करायची, 'हे काय आहे, मला सांग ना' म्हणायची, एखाद्या आजीसारखी. त्यानंतर गुण ५० टक्क्यांच्या आसपास पोचले, दिल्लीतल्या चांगल्या खासगी शाळेतल्या मुलांच्या बरोबरीला. या शोधनिबंधाच्या नावातच 'मर्यादा' हा शब्द आहे. विषय न येणाऱ्या, पण मनापासून विचारणाऱ्या माणसाने इतका फरक पडत असेल, तर विषय येणाऱ्या शिक्षकाने किती पडेल?

"सॉफ्टवेअर भारी असलं की शिक्षक कमी चालतात"

दुसरा प्रयोगही दिल्लीचाच, २०१५ मधला. सरकारी शाळांतली सहावी ते नववीची ६१९ मुलं निवडली आणि त्यांतल्या काहींना लॉटरीने 'माइंडस्पार्क' या शैक्षणिक सॉफ्टवेअरच्या केंद्रांत मोफत जागा दिल्या. शाळा सुटल्यावर किंवा भरण्याआधी दीड तास तिथे जायचं. निम्मा वेळ सॉफ्टवेअरवर आणि निम्मा वेळ डझनभर मुलांच्या गटात एका शिक्षकासोबत. कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंग आणि अलेहांद्रो गॅनिमियन यांचा हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला.

निष्कर्षाआधी त्यांना जे दिसलं ते मला जास्त हलवून गेलं. सहावीतलं सरासरी मूल गणितात इयत्तेच्या अडीच वर्षं मागे होतं, नववीपर्यंत हे अंतर साडेचार वर्षांवर गेलं होतं. एकाच बाकावर तिसरीचं आणि सहावीचं गणित शेजारी शेजारी बसलेलं. पुस्तक एक, फळा एक, पाठ एक. अशा वर्गात कितीही जीव ओतून शिकवणारे शिक्षक कुणाला धरणार?

एका पाठाला जे जमत नाही, ते सॉफ्टवेअरने केलं. प्रत्येक मूल कुठे अडलंय ते शोधलं आणि तिथूनच सुरुवात केली, मग ते सहावीतलं असलं तरी तिसरीची वजाबाकी करायला लावली. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्हींत प्रगती झाली. ज्यांना जागा मिळाली नव्हती त्यांच्यातला सर्वांत मागचा एक तृतीयांश गट मात्र तेवढ्या काळात जवळपास जागचा हलला नाही, आणि ती मुलं रोज शाळेत जात होती. शाळेच्या परीक्षेतल्या गणिताच्या गुणांत फरक ठळक दिसला नाही, कारण पेपर इयत्तेचा आणि मूल अजून मागच्या पायरीवर. 'ॲप घेतलं, तरी गुण का वाढत नाहीत?' या तक्रारीचं उत्तर पुष्कळदा इथे असतं.

आता याच्या शेजारी गुजरातचा अनुभव ठेवू. बडोद्यात 'प्रथम' या संस्थेने (मुंबईत १९९५ ला सुरू झालेली आपलीच) चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास, एका कॉम्प्युटरवर दोघं, असे गणिताचे खेळ दिले. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी मोजलं, गणित चांगलंच सुधारलं होतं. कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात त्यातलं बरंचसं ओसरलंही. ली लिंडेन यांनी गुजरातमध्येच दुसऱ्या एका संस्थेच्या शाळांत दोन पद्धती तपासल्या. शाळेच्या वेळेनंतर वापरलेल्या कॉम्प्युटरने फायदा झाला. तोच कार्यक्रम शिक्षकाच्या तासाच्या जागी आणला तेव्हा मुलं एरवी शिकली असती त्यापेक्षा मागे पडली. सॉफ्टवेअर तेच होतं, जागा बदलली आणि निकाल उलटा आला. शाळेत 'स्मार्ट बोर्ड आहे का?' असं विचारण्यापेक्षा 'तो कुठला तास खातो?' असं विचारा.

"पुस्तकावर क्यूआर कोड छापला, म्हणजे पुस्तक डिजिटल झालं"

हा चौकोन जपानमध्ये १९९४ साली डेन्सो वेव्ह कंपनीने मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला बनवला. तो मराठी शाळेत आणण्याशी जोडलं गेलेलं नाव म्हणजे माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे जिल्हा परिषद शिक्षक रणजितसिंह डिसले. त्यांना ३ डिसेंबर २०२० रोजी ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि दहा लाख डॉलरमधली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटली. बातम्यांत क्यूआर कोड गाजला. त्याआधी त्यांनी जे केलं ते मागे पडलं: वर्गातल्या मुलांची घरची भाषा कन्नड होती, म्हणून त्यांनी पाठ्यपुस्तकं त्या भाषेत आणली. मग कोडमागे कविता, गोष्टी, पाठ आणि स्वाध्याय ठेवले. मुलाला कळणारी भाषा आधी आणि तंत्र नंतर, हा क्रम महत्त्वाचा.

आज एनसीईआरटी आणि बालभारतीच्या पुस्तकांत कोड आहेत, त्यांतले बरेच 'दीक्षा' या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावर नेतात. ५ सप्टेंबर २०१७ ला सुरू झालेलं हे व्यासपीठ श्री अरविंद मार्गावरच्या एनसीईआरटीतूनच सांभाळलं जातं. वर्गात नवख्या शिक्षकांची गडबड साधारण अशी होते: कोड धरला, नेट हळू, गोल गोल फिरत राहिलं, पोरांचा कलकलाट, दहा मिनिटं गेली. यावर साधे उपाय आहेत. कोडखाली सहा अक्षरांची खूण असते, कॅमेरा चालत नसेल तर तीच टाइप करता येते. पाठ आदल्या दिवशी घरी उतरवून ठेवता येतो, मग वर्गात नेट लागत नाही. आणि कोडमागचा व्हिडिओ आधी स्वतः संपूर्ण पाहायचा. त्यातली तीन मिनिटं कामाची निघतात, पंधरा मिनिटं मुलांना बसवून ठेवायची गरज नसते.

"हलतं चित्र दाखवलं की कळलंच"

पाहणं आणि कळणं यांत अंतर आहे. विजेच्या पाठाचं उदाहरण घेते. कोलोराडो विद्यापीठाचं 'फेट' हे फुकट साधन आहे. भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये ते सुरू केलं. त्यातली अनेक सादरीकरणं मराठीत आहेत आणि उतरवून नेटशिवायही चालतात. त्यात बॅटरी, तारा आणि बल्ब ओढून जोडता येतात.

बॅटरी, स्विच आणि एकामागे एक असे दोन बल्ब जोडा, पण चालू करू नका. आधी विचारा: कुठला जास्त उजळेल? अनेक वर्गांत बरेच हात 'पहिला' म्हणून वर जातात. कारण विचारलं तर सांगतात, पहिला बल्ब वीज खातो, उरलेली दुसऱ्याला मिळते. हे उत्तर वहीत लिहायला लावा. मग स्विच दाबा. दोन्ही बल्ब सारखेच उजळतात आणि तारांतले निळे ठिपके, म्हणजे इलेक्ट्रॉन, दोन्ही बल्बांतून एकाच वेगाने सरकतात. वर्ग गप्प होतो. आता तिसरा बल्ब घाला: तिन्ही मंद. का? इथे गटात बोलायला पाच मिनिटं द्या. नंतर टेबलावर खरा सेल आणि टॉर्चचे खरे बल्ब जोडून हेच करून पाहा. आणि हेही सांगा, की खऱ्या तारेत इलेक्ट्रॉन गोट्यांसारखे दिसत नाहीत आणि सेकंदाला मिलीमीटरभरही सरकत नाहीत.

आधी अंदाज न विचारता हेच पडद्यावर दाखवलं असतं, तर मुलांनी 'छान' म्हटलं असतं आणि डोक्यातला 'वीज खाणारा बल्ब' तसाच राहिला असता. यात पडदा एकच लागतो. प्रत्येकाच्या हातात टॅबलेट हवाच असं नाही.

"आता एआय आहे, शिकवणीची गरज उरली नाही"

तुर्कस्तानात माध्यमिक शाळेतल्या सुमारे हजार मुलांवर झालेला अभ्यास इथे सांगण्यासारखा आहे. गणिताच्या सरावात चॅट-जीपीटीसारखं साधन दिलेल्या मुलांची सरावातली कामगिरी ४८ टक्के सुधारली. मग साधन काढून घेऊन परीक्षा घेतली, तर ज्यांना ते कधीच मिळालं नव्हतं त्यांच्यापेक्षा ही मुलं १७ टक्के मागे पडली. दुसऱ्या गटाला उत्तर न देता फक्त इशारे देणारं रूप दिलं होतं, त्यांचं तेवढं नुकसान झालं नाही. घरी मुलाला एआय वापरू देत असाल तर सूचना एवढीच: उत्तर मागायचं नाही, 'मी कुठे चुकलो?' असं विचारायचं.

"नेटवर आहे, म्हणजे कुणीही वापरावं" आणि "काहीच वापरता येत नाही"

दोन्ही चूक. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये शिकवण्याच्या ओघात शिक्षक आणि विद्यार्थी यांना सवलत आहे. दिल्ली विद्यापीठाजवळच्या रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानाविरुद्ध बड्या परदेशी प्रकाशकांनी केलेल्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये या सवलतीचा मोकळा अर्थ लावला. अभ्यासक्रमासाठी पुस्तकांतल्या भागांच्या प्रती काढणं चालतं, असं त्यातून ठरलं. म्हणून अख्खी कादंबरी स्कॅन करून खुल्या ग्रुपवर टाकायला मोकळीक आहे असं नाही. मुलांची नावं आणि फोटो मागणाऱ्या ॲपबाबत जास्त सावध राहा. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती आणि जाहिरातींवर बंधनं ठरवली आहेत.

"दिल्लीत राहून मराठी शिकवायला काही मिळत नाही"

पहाडगंजचं नूतन मराठी विद्यालय आर. के. पुरमहून रोज गाठणं सोपं नाही, आणि केंद्रीय विद्यालयातल्या मुलाचं मराठी वाचन तिसरी-चौथीत हळूहळू मागे पडतं, हे इथल्या घरांना ठाऊक आहे. पण ई-बालभारतीवर पहिलीपासूनची पाठ्यपुस्तकं पीडीएफ रूपात फुकट उतरवता येतात. मराठी विश्वकोश ऑनलाइन वाचता येतो. १ मे २००३ ला सुरू झालेला मराठी विकिपीडिया आहे. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर विज्ञानाची खेळणी आणि मराठी पुस्तकांचा मोठा साठा आहे. रविवारी सकाळी दुसरीच्या बालभारतीतलं एक पान छापून घ्या. पाल्याला मोठ्याने वाचायला लावा आणि अडलेल्या शब्दावर बोट ठेवून थांबा. मग व्हिडिओ कॉलवर नागपूरच्या किंवा साताऱ्याच्या आजीला तेच पान परत वाचून दाखवायला सांगा.