मोटारगाडी बंद पडणे व सुरू न होणे (दोषनिदान)

चालत्या मोटारगाडीचे इंजिन मध्येच बंद पडणे आणि नंतर ते मोठ्या प्रयासाने सुरू होणे, हे अनेक भिन्न बिघाडांचे समान लक्षण होय. बॅटरी, इंधनपुरवठा, ठिणगी, हवेचा मार्ग किंवा इंजिनाचे संवेदक यांपैकी कोणत्याही एका घटकातील दोषाने ते उद्भवते. म्हणून केवळ लक्षण पाहून सुटे भाग बदलत गेल्यास खर्च वाढतो आणि मूळ दोष तसाच राहण्याचा संभव असतो. एकेक शक्यता क्रमाने वगळत कारणापर्यंत पोहोचणे हे दोषनिदानाचे मुख्य सूत्र आहे.

तत्त्व

पेट्रोल इंजिन चालण्यास तीन गोष्टी लागतात: हवा व इंधन यांचे योग्य मिश्रण, सिलिंडरमधील पुरेसा दाब आणि योग्य क्षणी पडणारी ठिणगी. पूर्ण ज्वलनासाठी वजनाने १ भाग पेट्रोलास सुमारे १४.७ भाग हवा आवश्यक असते. इंजिन थंड असताना पेट्रोलची वाफ कमी होते, म्हणून त्या वेळी अधिक इंधन द्यावे लागते. कार्बोरेटर असलेल्या जुन्या गाड्यांत हे काम चोक करीत असे. आधुनिक गाड्यांत शीतकाचे तापमान मोजणाऱ्या संवेदकावरून संगणक इंधनाचे प्रमाण ठरवतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत इंधन पेट घेते. त्यामुळे तेथे ग्लो प्लग, इंधननळीत शिरलेली हवा आणि फिल्टरमध्ये साचलेले पाणी यांची तपासणी महत्त्वाची ठरते.

पहिली तपासणी

किल्ली फिरवल्यावर स्टार्टर मोटर, जिला बोलीभाषेत ‘सेल्फ’ म्हणतात, ती फिरते की नाही, हा निदानातील पहिला प्रश्न असतो.

सेल्फ मंद फिरत असेल किंवा नुसता टकटक आवाज येत असेल, तर बहुधा बॅटरी उतरलेली असते अथवा तिच्या टर्मिनलांवर क्षार साचलेले असतात. गाडी काही तास उभी राहिल्यानंतर पूर्ण भारित बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. इंजिन चालू असताना तो साधारणतः १३.५ ते १४.५ व्होल्टपर्यंत वाढला पाहिजे. तो वाढत नसेल, तर अल्टरनेटर, त्याचा पट्टा किंवा जोडण्या यांत दोष असण्याची शक्यता असते. अशी गाडी बॅटरीतील वीज संपेपर्यंत चालते आणि मग बंद पडते. केवळ नवी बॅटरी बसवल्यास काही काळाने तोच प्रकार पुन्हा घडतो. अल्टरनेटर तपासण्यासाठी चालू इंजिनात बॅटरीची तार काढण्याची जुनी पद्धत आधुनिक गाड्यांत टाळावी, कारण वीजदाब अचानक उसळून संगणकास इजा होऊ शकते.

सेल्फ जोमाने फिरत असूनही इंजिन सुरू होत नसेल, तर इंधन किंवा ठिणगी यांकडे लक्ष द्यावे. अनेक पेट्रोल गाड्यांत किल्ली ‘ऑन’ करताच टाकीतील पंपाचा क्षणभर गुणगुणल्यासारखा आवाज येतो. तो न आल्यास फ्यूज, रिले व पंप तपासतात. किल्ली दोन-तीन वेळा ‘ऑन’ करून मग सेल्फ मारल्यास गाडी सहज सुरू होत असेल, तर उभ्या गाडीत इंधनाचा दाब टिकत नसल्याचा संशय घेता येतो. पेट्रोलवर सुरू होऊन नंतर सीएनजीवर जाणाऱ्या गाडीत केवळ सुरू होतानाच अडचण येत असेल, तर आधी पेट्रोलचा भाग तपासावा.

बंद पडण्याची वेळ

गाडी कोणत्या परिस्थितीत बंद पडते, यावरून शोधाची दिशा ठरते.

सिग्नलपाशी, आयडलिंगवर बंद पडणे: थ्रॉटलमध्ये साचलेला कार्बन किंवा फाटलेल्या नळीतून आत शिरणारी जादा हवा.

चढावर किंवा वेगात झटके खाऊन बंद पडणे: तुंबलेला इंधन फिल्टर किंवा क्षीण झालेला पंप.

तापल्यावर बंद पडून निवल्यावर सुरू होणे: क्रँकशाफ्टची स्थिती सांगणारा संवेदक किंवा इग्निशन कॉइल.

पावसाळी किंवा दमट हवेत अडखळणे: ठिणगीच्या तारांचे वा कॉइलचे खराब झालेले आवरण.

कार्बोरेटर असलेल्या जुन्या गाड्यांत उन्हाळ्यात घाट चढताना नळीतील पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटत असे. यास ‘व्हेपर लॉक’ म्हणतात. अशा वेळी चालक पंपावर ओले फडके ठेवून तो निववीत.

संगणकीय संकेतांक

आधुनिक गाड्यांतील संगणक दोष आढळल्यास इशारादिवा लावतो व संकेतांक नोंदवतो. हा संकेतांक मंडलाकडे निर्देश करतो. विशिष्ट भाग निकामी झाल्याचा तो पुरावा नव्हे. उदाहरणार्थ, ‘पी०३३५’ हा संकेतांक क्रँकशाफ्ट संवेदकाच्या मंडलाचा आहे. परंतु संवेदक ठीक असून तार तुटलेली किंवा जोडणी सैल असू शकते. तसेच सर्वच दोष संगणकास कळत नाहीत. त्यामुळे संकेतांक न मिळाल्याने गाडी निर्दोष ठरत नाही.

धोके व दक्षता

धावत्या गाडीचे इंजिन बंद पडल्यास ब्रेकला मिळणारे साहाय्य एक-दोन वेळा पाय दाबेपर्यंतच पुरते. त्यानंतर पेडल अतिशय जड होते. शक्तिचालित स्टिअरिंगही जड होऊ शकते. म्हणून ब्रेक वारंवार न दाबता एकसारखा व जोराने दाबावा, इशारादिवे लावावेत आणि गाडी पूर्ण थांबेपर्यंत किल्ली काढू नये. काढल्यास स्टिअरिंगला कुलूप लागण्याची शक्यता असते.

पुराच्या पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. पाणी दाबले जात नसल्याने सिलिंडरमध्ये ते शिरले असल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो आणि किरकोळ दुरुस्तीचे काम इंजिन उघडण्यापर्यंत जाते.

बिघाड अधूनमधून होत असल्यास कार्यशाळेत गाडी नेमकी व्यवस्थित चालते. त्यामुळे प्रत्येक प्रसंगी इंजिन थंड होते की गरम, टाकीत इंधन किती होते, कोणता दिवा लागला आणि किती वेळाने गाडी सुरू झाली, याची चालकाने ठेवलेली नोंद निदानास अत्यंत उपयुक्त ठरते.