आजी-नातवंडांचे खेळ : वयाचा आकडा आणि त्यापलीकडे

पवारांच्या काळापासून धार-देवासमध्ये स्थिरावलेल्या मराठी घरांत सुटीला नातवंडे जमली, की सोंगट्यांच्या पटाची जागा आता मोबाइल घेतो. अशा वेळी ‘मुलांसाठी योग्य’ म्हणजे नेमके काय, हे पाहायला हवे. प्ले स्टोअरवरील ‘३+’ हा आकडा हिंसा, भाषा, भीती अशा आशयापुरता असतो. जाहिराती आणि खेळातील खरेदी यांची सूचना खेळाच्या नावाखाली वेगळी दिलेली असते. ती नजरेआड झाली, तर आजोबांच्या खात्याला कात्री लागू शकते. खरेदीला पासवर्डची अट आधीच घालावी.

२०१६ मध्ये आलेला, नवी मुंबईच्या गेमेशनचा ‘लुडो किंग’ इंटरनेटविना एकाच फोनवर आळीपाळीने खेळता येतो. आजीला नियम शिकवावे लागत नाहीत. जाहिराती मात्र रसभंग करतात. प्लेस्टेशनवरचा ‘सॅकबॉय : अ बिग अ‍ॅडव्हेंचर’ (२०२०) चौघांना एका पडद्यासमोर बसवतो, भावंडे एकमेकांना सावरत पुढे जातात, आणि भांडतातही! पुण्यात घडलेला ‘राजी’ देखणा, पण एकट्याने खेळायचा आणि असुरांशी झुंजीचा. तो थोरल्यांनी आधी स्वतः खेळून पाहावा.